मित्रांबरोबर ट्रिपला गेलात आणि वाटेत बाबांची शाळा लागतेय, तर काय करायचं

आधी मित्रांना सांगा, तेही निघायच्या आधी. गाडी चालू असताना मधेच "अरे इथे जवळच आमच्या बाबांची शाळा आहे, पाच मिनिटं जाऊन येऊ" असं करू नका, पाच मिनिटांचा तास होतो आणि त्यांना त्या शाळेचं काय पडलंय. सरळ एक तास मागून घ्या, ज्याला यायचं नाही त्याने गाडीत झोपावं.

मग बाबांना फोन. "शाळेबद्दल काहीतरी सांगा ना" असं विचारलं तर "काय सांगायचं, शाळा होती" एवढंच मिळतं (आमच्याकडे तर फोन आईकडे गेला). नेमकं विचारा, दहावीचा वर्ग कुठे होता, कुठल्या बाकावर बसायचात, शिक्षा झाली की कुठे उभं करायचे वगैरे. शाळेचं तेव्हाचं पूर्ण नाव आणि साल लिहून घ्या कारण नावं बदलतात, इमारती बदलतात, आणि मग मॅपवर जुनं नाव टाकून शोधत बसावं लागतं. आणि शाळा सोडल्याचा दाखला घरात असेल तर त्याचा फोटो मागवाच, त्यावर रजिस्टर नंबर असतो. नुसतं नाव सांगून जुनी रजिस्टरं कोण चाळणार, नंबर असला तर क्लार्कलाही सोपं पडतं, दाखवायचं की नाही हे मात्र त्यांच्यावर.

शाळेत आधी फोन करा. मी पहिल्यांदा न कळवता गेलो, सुट्टी होती, गेटला कुलूप, बाहेरून पाटीचा फोटो काढून परत. परीक्षेच्या दिवसांत तर जाऊच नका. शाळा सुटायच्या थोडं आधी पोचलेलं बरं, ऑफिसात माणसं असतात आणि सुटल्यावर वर्ग रिकामे मिळतात. ओळखपत्र जवळ ठेवा, सगळी गँग आत घुसवू नका, आधी एकाने जाऊन विचारायचं. मुलांचे फोटो काढायचे नाहीत, ती स्वतःहून पोझ देत आली तरी नाही.

बाबांना शाळा दाखवायला व्हिडिओ कॉल कराल, पण तो आत शिरल्या शिरल्या लावू नका, आधी स्वतः एक चक्कर मारा, रेंज बघा. मग फोन मित्राच्या हातात द्या आणि बाबांनाच रस्ता सांगू दे, डावीकडे का उजवीकडे. "काहीच राहिलं नाही हो तुमच्या वेळचं" हे तुम्ही म्हणायचं नाही, त्यांना दिसतंच.

आमच्या बाबांनी पहिलं काय विचारलं तर नळ कुठाय. नळ नव्हताच, तिथे सायकल स्टँड झालेलं, पण मग नळावरच्या भांडणाची जी गोष्ट सुरू झाली ती मित्रांनीच खोदून खोदून विचारली, तासाचा दीड तास झाला तो त्यांच्यामुळे, आणि गाडीत झोपलेला शेवटी आम्हाला शोधत आत आला.