आहारातील नायट्राइट आणि नायट्रोसामाइन कसे आटोक्यात ठेवावे

नायट्राइटचा, म्हणजे मांस टिकवण्यासाठी घालतात आणि शरीरात नायट्रेटपासूनही बनतात त्या क्षारांचा, विषय निघाला की पुष्कळ जण आधी पालकाची जुडी बाजूला ठेवतात, आणि काळजीची सुरुवातच चुकीच्या जागी होते. आहारातील नायट्रेटपैकी सुमारे 80 टक्के भाज्यांतून येते हे खरे आहे. शरीरात शोषलेल्या नायट्रेटचा सुमारे चौथा हिस्सा लाळेत उतरतो, जिभेवरील जिवाणू त्यातील काहीचे नायट्राइट करतात आणि जठरातील आम्लात या नायट्राइटचा अमाइनांशी, म्हणजे प्रथिनांच्या विघटनातून होणाऱ्या नायट्रोजनयुक्त संयुगांशी, संयोग झाला तर नायट्रोसामाइन ही कर्करोगाला कारण ठरू शकणारी संयुगे तयार होऊ शकतात. मात्र भाजीतील क जीवनसत्त्व हाच संयोग रोखते. नायट्राइट घातलेल्या मांसात नायट्राइट, अमाइने आणि पुढे तळणीची उष्णता ही तिन्ही एकत्र येतात, म्हणून लक्ष द्यायचे ते तिकडे.

सॉसेज, सलामी, हॅम किंवा बेकन घेताना पाकिटामागील घटकांच्या यादीत 249 ते 252 हे क्रमांक पाहावेत. पहिले दोन नायट्राइटचे आणि पुढचे दोन नायट्रेटचे आहेत. त्यातही सोडियम नायट्राइट, म्हणजे 250, सर्वाधिक आढळतो. ‘नायट्राइट घातलेले नाही’ असे छापलेल्या पाकिटावर सेलरी या भाजीची पूड किंवा अर्क दिसल्यास समाधान मानू नये, कारण त्यातूनही नायट्राइटच मिळवलेले असते. प्रमाणाचा अंदाज घरीच घेता येतो. नायट्राइटची सुरक्षित मानलेली दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.07 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 4.2 मिलिग्रॅम आणि 15 किलोच्या मुलाला जेमतेम 1 मिलिग्रॅम. तयार मांसात किलोमागे 80 मिलिग्रॅम नायट्राइट उरले असे धरले, तर 50 ग्रॅममध्ये ते 4 मिलिग्रॅम होते. प्रत्यक्षात उरलेले प्रमाण बहुधा यापेक्षा कमी असते, तरीही मुलाच्या डब्यात सॉसेज रोज का देऊ नये हे या हिशेबावरून कळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेले मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता.

कधीतरी खायचेच असेल, तर ते मंद आचेवर शिजवावे आणि काळपट, कडक होईपर्यंत तळू नये. बेकनची सुटलेली चरबी टाकून द्यावी; नायट्रोसामाइन तिच्यात उतरतात, त्यामुळे त्याच चरबीत अंडे तळण्याची सवय सोडलेली बरी. सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा पेरूची फोड असावी आणि ती त्याच जेवणात खावी, कारण क जीवनसत्त्वाचा उपयोग नायट्राइट जठरात असतानाच होतो. घरी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घालून मांस खारवणाऱ्यांनी तो अंदाजाने कधीही टाकू नये.

सुके बोंबील आपल्याकडे थेट गॅसवर भाजतात. वाळवलेल्या माशांत अमाइने भरपूर असतात आणि उघड्या ज्योतीत नायट्रोजनची ऑक्साइडे असतात, म्हणून ते तव्यावर मंद भाजणे मला अधिक योग्य वाटते. इथे ताटाबाहेरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे: घरात कोणी मिश्री लावत असेल किंवा तंबाखू खात असेल, तर नायट्रोसामाइनचा मोठा भाग तिथूनच येतो, आणि आधी सुटायला हवी ती ती सवय.

पालेभाजीत जपायचे ते शिजवल्यानंतर. उरलेली भाजी ओट्यावर तासन्तास राहिली की जिवाणू तिच्यातील नायट्रेटचे नायट्राइट करतात, आणि ती पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. ती लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवावी. तान्ह्या बाळाला द्यायची पालकाची किंवा बिटाची पेज मात्र ताजीच असावी. मोठ्यांनी पालक उकळून पाणी काढून टाकल्यास नायट्रेट बरेच कमी होते, पण निरोगी माणसाला त्याची गरज नाही.

बाळाच्या बाबतीत पाण्याची काळजी भाजीहून मोठी आहे. युरिया, शेणखताचे उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून झिरपलेले नायट्रेट विहिरीत आणि बोअरवेलमध्ये उतरते. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक ठिकाणच्या भूजलात ते मर्यादेबाहेर आढळलेले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट चालत नाही. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधामुळे सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते आणि ओठ व नखे निळसर पडू शकतात. असे दिसताच बाळाला रुग्णालयात न्यावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र आटून अधिक दाट होते, आणि साधी गाळणी किंवा तुरटीही ते काढत नाही. आरओ यंत्राने ते बरेच कमी होते. म्हणून घरात बाळ येणार असेल, तर त्याआधीच विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, आणि पावसाळ्यानंतर तो पुन्हा तपासून घ्यावा.