पावसाळ्यात उंदराच्या रक्ताची स्लाइड करताना

जुलैत आमच्या रत्नागिरीत मिठाच्या बरणीला पाणी सुटलं, की समजायचं, स्लाइडवर पेशी पक्क्या करायच्या मिथेनॉलची बाटलीही हवेतलं पाणी ओढतेय. एका पावसाळ्यात २४ महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांच्या (माउस; मोठा रॅट नव्हे) लाल पेशींत ठिपकेच ठिपके दिसले. आम्ही खूश! वयानं गुणसूत्रं किती मोडलीत बघा. मग ३ महिन्यांच्या तरण्या उंदरांच्या स्लाइड लावल्या, तर तिथेही तेच. ते पाणी होतं.

आपण शोधतो ते सूक्ष्मकेंद्रक. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा, कधी अख्खं गुणसूत्र मागे राहतं, तेच हे. लाल पेशी मुख्य केंद्रक बाहेर टाकते, हे मात्र आतच राहतं. माणसाची प्लीहा अशा पेशी वेचून काढते, उंदराची सोडून देते. म्हणून अस्थिमज्जा न काढता शेपटीच्या थेंबावर भागतं. (प्राणी नैतिकता समितीची परवानगी आधी हातात हवी, हे सांगायला नकोच.)

स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा थर, पातळ ओढा आणि लगेच सुकवा. पंख्याखाली नको, तो ओली हवाच फिरवतो. मी लाकडी खोक्यात बल्ब लावून ठेवलाय. मिथेनॉलची लहान बाटली घ्या, उरलेलं परत तिच्यात ओतू नका. पेशी रंगवायचा गीम्सा रंग गाळूनच वापरा.

आता १०० च्या लेन्सखाली बारीक स्क्रू किंचित मागेपुढे फिरवा. पाण्याचा ठिपका काचेसारखा चमकतो. खरं सूक्ष्मकेंद्रक गोल, काठ रेखीव, जांभळं, आणि चमकत नाही. आकार पेशीच्या व्यासाच्या विसाव्यापासून पाचव्या भागापर्यंत. शंका आली तर मोजू नका.

निळसर झाक असलेल्या कोवळ्या पेशी आणि लालसर पक्व पेशी वेगळ्या मोजा. कोवळ्या पेशी गेल्या दोन-तीन दिवसांचं सांगतात. पक्व पेशी सुमारे ४० दिवस जगतात, त्यांत मागचा महिनाभर साठलेला असतो. वयाचा प्रश्न असेल तर दोन्ही आकडे लागतात. कोवळ्या पेशी रक्तात थोड्या, त्यामुळे बसायची तयारी ठेवा. आणि स्लाइडवर वय लिहू नका, दुसऱ्याकडून सांकेतिक नंबर घाला. म्हातारा उंदीर म्हटलं की डोळ्यांना जास्तच दिसतं, माझ्याही.

स्लाइडच्या डब्यात निळ्या सिलिका जेलची पुडी टाका. गुलाबी झाली की प्रयोगशाळेच्याच ओव्हनमध्ये तापवा. घरच्या तव्यावर नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.