विज्ञानकथेतली हाणामारी: प्रेक्षकांची मतं कशी घ्यावीत आणि कशी मांडावीत

वाचनालयात, मंडळाच्या खोलीत किंवा तालमीच्या माडीवर पंधरा-वीस जणांनी मिळून सिनेमा पाहिला, दिवे लागले आणि कुणी विचारलं, ‘‘कसा वाटला?’’ की दोन उत्तरं ठरलेली असतात. ‘फायटिंग एक नंबर’ आणि ‘स्टोरी डोक्यावरून गेली’. विज्ञानकथा आणि मार्शल आर्ट्स एकत्र आलेल्या सिनेमाबाबत तर हे हमखास होतं. दोन्ही उत्तरं मनापासूनची असतात, पण त्यांवरून सिनेमा न पाहिलेल्याच्या हाती काहीच लागत नाही.

हे नुकसान मोठं आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या प्रेक्षकाकडं अशा सिनेमाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ असतं. इथं कुस्तीची मैदानं बघत म्हातारी झालेली माणसं आहेत. पाय कुठं रोवला, तोल कधी गेला, पकड खरी की नुसती दाखवायची, हे त्यांना क्षणात दिसतं. त्यांची ही नजर कागदावर उतरवून घ्यायची तर थोडी तयारी लागते. उदाहरणासाठी १९९९ सालचा ‘द मॅट्रिक्स’ घेऊ. बहुतेकांच्या परिचयाचा आहे, आणि त्यातल्या झुंजी हाँगकाँगचे युएन वू-पिंग यांनी बसवल्यामुळं बोलायलाही भरपूर आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. या प्रकारच्या सिनेमात मारामारीचा खरेपणा बाहेरच्या जगावरून मोजायचा नाही. सिनेमानं स्वतः घालून दिलेल्या नियमावरून मोजायचा. ‘द मॅट्रिक्स’मध्ये नायक आणि त्याचा गुरू यांची तालमीतली झुंज सुरू होण्याआधीच सांगून टाकलेलं असतं, की हे जग संगणकानं उभं केलंय, त्याचे काही नियम वाकवता येतात आणि काही मोडता येतात. त्यानंतर माणूस दोन क्षण हवेत तरंगला तर ती चूक ठरत नाही. पण नियम सांगायच्या आधीच असं काही दाखवलं, किंवा सांगितलेला नियम सोयीनुसार गुंडाळून ठेवला, तर जाणता प्रेक्षक तिथंच सुटतो. ‘असं कुठं होतं काय?’ असं कुणी म्हणालं, तर वाद न घालता त्याला विचारा, ‘‘होऊ शकतं, हे तुम्हाला सिनेमात आधी कळलं होतं का?’’ मत तिथून पुढं खऱ्या अर्थानं सुरू होतं.

दाखवताना बिघडलं तर मतही बिघडतं

पुष्कळदा लोक सिनेमाला नावं ठेवतात आणि दोष टीव्हीचा असतो. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय कारखान्यातूनच चालू करून येते. कंपनीप्रमाणं तिचं नाव बदलतं: ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी टिपलेला असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो. त्यामुळं झुंज दूरदर्शन मालिकेसारखी सपक दिसते, आणि वेगानं फिरणाऱ्या हातापायांच्या कडेला चिंध्या झाल्यासारखं दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करा. चित्राचा प्रकार ‘व्हिव्हिड’ असेल तर तो ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा. ‘द मॅट्रिक्स’मध्ये संगणकातल्या जगाला हिरवट छटा मुद्दाम दिली आहे, खऱ्या जगाला निळसर. व्हिव्हिडमध्ये हा फरक बटबटीत होतो, आणि मग लोक ‘कलर खराब आहे’ असं लिहून देतात.

‘झूम’ला हात लावू नका. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात म्हणून कुणीतरी रिमोट घेऊन चित्र मोठं करतंच. हा सिनेमा उंचीच्या जवळजवळ २.४ पट रुंद आहे आणि टीव्ही पावणेदोन पटीला थोडा वर. पट्ट्या घालवायला गेलं की रुंदीतला सुमारे चौथा हिस्सा कापला जातो. त्या हिश्शात लाथ मारणाऱ्याचा पाय असतो, किंवा कोपऱ्यातून येणारा दुसरा माणूस.

आवाजाची तक्रार ठरलेली: गोळ्यांचा दणका येतो, बोलणं ऐकू येत नाही. सहा वाटांचा (चॅनेलचा) आवाज दोन स्पीकरला दिला की मधल्या वाटेतलं बोलणं हरवू शकतं किंवा दबतं. प्लेअरमध्ये किंवा टीव्हीत आवाजाचं आउटपुट ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम’ वर ठेवा. खानापूरकडं पत्र्याच्या छपराखाली पावसाळ्यात हा कार्यक्रम ठेवूच नका. सर आली की संवाद गेलाच, आणि विज्ञानकथेत एक संवाद हुकला की पुढची वीस मिनिटं कळत नाहीत.

लाईट जाण्याची सोय बघून ठेवा. प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून साधारण ४०० वॅट धरले, तर १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची चांगली बॅटरी अडीच-तीन तास ओढते. ‘द मॅट्रिक्स’ १३६ मिनिटांचा आहे, म्हणजे बॅटरी जुनी असेल तर शेवटची झुंज अंधारात जाईल. पंखे त्या इन्व्हर्टरवरून काढून टाका.

दोन गोष्टी कायद्याच्या. विकत घेतलेली डिस्क किंवा मोबाईलवरचं सदस्यत्व घरी बघण्यापुरतं असतं; सभागृहात लोकांना दाखवायचं तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणं हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. ती मिळत नसेल तर प्रत्येकानं घरी बघून यावं आणि फक्त चर्चेला जमावं. मतांच्या दृष्टीनं तेही चालतं. आणि मुलं येणार असतील तर प्रमाणपत्र बघा. २०२४ पासून यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झाले आहेत.

कागद आधी, बोलणं नंतर

सिनेमा संपल्या संपल्या चर्चा सुरू केली, की पहिला मोठ्यानं बोलणारा सगळ्यांचं मत ठरवून टाकतो. त्यात तो गावातला मानाचा माणूस असेल तर पोरं तोंडच उघडत नाहीत. म्हणून शेवटी पडद्यावर नावं येत असतानाच्या वेळेत अर्ध्या फुलस्केपचे कागद आणि पेन्सिली वाटा आणि सात मिनिटं कुणी बोलायचं नाही असं सांगा. कागदाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असावं. ज्याला ज्या भाषेत लिहायला सोपं त्यात तो लिहील. शाळा कन्नड माध्यमात झालेली कितीतरी मराठी घरातली मुलं बोलतात मराठीत आणि भराभर लिहितात कन्नडमध्ये. त्यांचं मत भाषेपायी गमावण्यात शहाणपण नाही. प्रश्न सहाच ठेवा:

१. कोणत्या भाषेत पाहिला? सबटायटल वाचली का? हा सिनेमा आधी पाहिला होता का?
२. सगळ्यात आवडलेली झुंज कुठली? तिच्यातली एक हालचाल लिहा.
३. खोटी वाटलेली झुंज कुठली? कशामुळं: तोल, कलाकाराला उचलणारा दोर, कॅमेरा, संगणकाचं चित्र, की भांडायचं कारणच?
४. या जगात काय होऊ शकतं, हे कुठल्या प्रसंगात कळलं? पुढं तो नियम मोडला का?
५. गोष्ट कुठल्या ठिकाणी सुटली?
६. दहापैकी गुण: झुंजीला वेगळे, कल्पनेला वेगळे.

पहिला प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तो गाळला की सगळे कागद वाया जातात. हिंदी डबिंगमध्ये पाहिलेल्या आणि इंग्रजी आवाजात सबटायटल वाचत पाहिलेल्या माणसानं दोन वेगळे सिनेमे पाहिलेले असतात. सबटायटल वाचणाऱ्याची नजर खाली असते. झुंजीच्या मधोमध कुणी बोललं की त्याचा अर्धा डाव चुकतो. डबिंग बघणाऱ्याला डाव पूर्ण दिसतो, पण कल्पना समजावणारी लांब वाक्यं ओठांच्या मापात बसवण्यासाठी कापलेली असू शकतात. म्हणून ‘गोष्ट सुटली’ ही तक्रार आली की आधी भाषा बघा.

झुंज बघायची कशी

लिहिणाऱ्यांना काय बघायचं ते आधी पाच मिनिटं सांगितलं तर उत्तरं कितीतरी नेमकी येतात. नजर हातावर ठेवू नका, पायांवर ठेवा. ठोसा खरा दिसायचा तर जोर टाचेतून, कमरेतून यायला हवा. नुसता हात हलला तर अंगात वजन नाही हे आखाड्यात बसणारा कुणीही सांगेल. कलाकारांनी स्वतः शिकून केलेली झुंज असेल, तर कॅमेरा लांब राहतो आणि डोक्यापासून पायापर्यंत अंग दिसतं. ‘द मॅट्रिक्स’च्या मुख्य कलाकारांनी चित्रीकरणाआधी सुमारे चार महिने सराव केला होता. तालमीतल्या झुंजीत ते दिसतं, चेहरा आणि पाय एकाच चौकटीत येतात. चेहरा वेगळा आणि लाथ वेगळी दाखवली असेल तर लाथ बहुधा दुसऱ्याची.

दोर ओळखायची खूण कमरेपाशी आहे. उडी मारणारा माणूस आधी गुडघे वाकवतो, मग छाती वर जाते. दोरानं उचललेला माणूस कमरेपासून वर निघतो, पाय मागून येतात, आणि खाली येताना त्याचा वेग वाढत नाही. चित्रीकरण सेकंदाला २४ ऐवजी २१-२२ चित्रांनी करून नेहमीच्या वेगानं दाखवलं तर हाणामारी चपळ वाटते. पण कपड्याची फडफड आणि उडालेली धूळही तेवढीच घाईत दिसते, तिथं ते उघडं पडतं. गच्चीवर गोळ्या चुकवताना कॅमेरा नायकाभोवती फिरतो, तो तर एक कॅमेराच नाही. सुमारे १२० स्थिर कॅमेरे वळणदार रांगेत लावून एकामागून एक चालवले आणि मधली चित्रं संगणकावर भरली. हे लोकांना सिनेमा झाल्यावर सांगा. आधी सांगितलं की सगळे तेवढंच शोधत बसतात.

एक छोटा प्रयोग जरूर करा. कुठल्याही झुंजीतलं सलग एक मिनिट पुन्हा लावा आणि दृश्य तुटलं की कागदावर रेघ मारायला सांगा. चाळीस रेघा झाल्या तर एक दृश्य सरासरी दीड सेकंद टिकतं. पंधरा झाल्या तर चार सेकंद. जास्त रेघा म्हणजे वाईट, असं मुळीच नाही. पण ‘काही कळलं नाही, नुसती धडपड’ असं लिहिणाऱ्याच्या मतामागचं कारण बऱ्याचदा या रेघांत सापडतं. संथ गतीची दृश्यं मात्र यातून वगळा, नाहीतर आकडा फसवतो.

‘भारी’ च्या पुढं कसं न्यायचं

वयस्कर माणसं लिहायला कंटाळतात. त्यांच्याशेजारी एक पोरगं बसवा आणि तोंडी विचारून घ्या. विचारताना त्यांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत, फक्त ‘कुठं’ आणि ‘कशावरून’ विचारायचं.

‘‘मामा, फायटिंग भारी म्हणजे कुठली?’’
‘‘ती शेवटाकडची, स्टेशनातली.’’
‘‘काय आवडलं तिच्यात?’’
‘‘मार खाल्लेला माणूस दमानं उठतोय बघ. दम लागलेला दिसतोय. पहिल्या झुंजीत तसं नव्हतं.’’
‘‘मग पहिली खोटी वाटली?’’
‘‘खोटी कशाला? ती तालीम होती की. सरावात कोण जीव काढतंय?’’

या सहा ओळींत बहुतेक परीक्षणांत नसतं ते आलं. दोन झुंजींचा हेतू वेगळा आहे आणि तो अंगावर दिसतो, हे मामांनी बरोबर पकडलं. हे वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘वास्तववादी अभिनय’ असं करून टाकलं तर त्यातला जीव जातो. कुस्तीचे शब्दही तसेच राहू द्या: पट काढला, ढाक लावली, तोल काढून घेतला. मात्र कुंगफूच्या प्रत्येक डावाला कुस्तीचं नाव चिकटवू नका. कुस्तीत अंगाला अंग लागतं. यातली पुष्कळशी लढत हातभर अंतरावरून लाथा-बुक्क्यांची असते.

आकडे आणि लिखाण

गुणांची नुसती सरासरी काढू नका. सोळा जणांपैकी आठ जणांनी ९ आणि आठ जणांनी ३ दिले तर सरासरी ६ येते, आणि ६ तर एकानंही दिलेले नसतात. असे सिनेमे लोकांत सरळ दोन तट पाडतात, त्यामुळं हे नेहमी घडतं. प्रत्येक गुण किती जणांनी दिला ते मांडा. मग दोन्ही तटांचे कागद वेगळे करून पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाची उत्तरं शेजारी ठेवा. ३ देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चौथा प्रश्न कोरा सोडला असेल, तर त्यांना नियम सांगणारा प्रसंग पोचलाच नाही. तो तुमच्या आवाजामुळं, डबिंगमुळं की दिग्दर्शकामुळं, हे आता तपासता येतं. झुंजीला ९ आणि कल्पनेला ४ देणारे वेगळे मोजा. त्यांचं मत सगळ्यात जास्त लोकांना उपयोगी पडतं.

ही मतं वाचनालयाच्या किंवा मंडळाच्या फलकावर लावायची तर मजकूर तीनशे शब्दांच्या आत बसवा. वर सिनेमाचं नाव, साल, कोणत्या भाषेत दाखवला, किती जणांनी लिहिलं. मग झुंजीबद्दल दोन-तीन थेट वाक्यं, प्रसंगासह. मग नियमाबद्दल. गोष्ट उघडी पाडणारी मतं कागदाच्या मागच्या बाजूला लिहा आणि पुढं ‘सिनेमा पाहिला असेल तरच उलटा’ असं ठळक लिहा. नावाऐवजी वयाचा गट पुरे. नाव छापणार नाही असं आधी सांगितलं तर लोक मोकळेपणानं लिहितात, विशेषतः घरातल्या बायका आणि शाळकरी मुलं. कन्नडमधून आलेली मतं मराठीत आणताना मूळ ओळही खाली ठेवा, म्हणजे लिहिणाऱ्याला आपलं म्हणणं बदललं गेलं नाही हे स्वतः बघता येतं.