पाणी ओतलंत, पण पिंपाची कड घासलीत का?

बेंदूर होऊन गेला, गणपती तोंडावर आलेत. आता पावसानं चार दिवस उघडीप दिली की डेंगी-चिकुनगुन्याच्या तापाची कुजबुज सुरू होईल. आपण लगेच गटाराकडं बोट दाखवतो. पण या दोन तापांचा डास सहसा गटारात वाढत नाही; तो आपल्या वस्तीवरच्या, गोठ्यामागच्या सामानात वाढतो.

परवा मुरघासाच्या (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) कागदावर वजन म्हणून ठेवलेला टायर कलता केला, तर आतून कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी निघालं. तळाला पानं कुजलेली, वर अळ्या लटकलेल्या. माझी सावली पडली तशा सगळ्या वळवळत खाली गेल्या. एडिस म्हणजे डेंगी-चिकुनगुन्याचा डास; त्याच्या मादीला हवी तशीच ही जागा: गडद रंग, सावली, खरबरीत कड आणि कुजक्या पाल्याचा वास. त्या वासावरून तिला कळतं, इथं पिल्लांना खायला आहे.

ही मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या कडेला एकेक करून चिकटवते. खसखशीहून बारीक, काळी. शिवाय एका खेपेची शंभरेक अंडी एकाच ठिकाणी न घालता थोडी या पिंपात, थोडी त्या टायरात अशी वाटून ठेवते. एक भांडं आपण साफ केलं तरी बाकीची राहतातच. आणि ही अंडी वाळली तरी मरत नाहीत, काही महिने तशीच तग धरतात. पाणी पुन्हा कडेपर्यंत चढलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं पालथं करून परत भरलं, तर निम्मंच काम झालं. काथ्या किंवा तारेचा ब्रश घेऊन कड आतून खसाखसा घासा, मगच भरा. आठवड्यातून एकदा, वार ठरवून. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळं पंधरवड्याचा वायदा चालत नाही.

मुरघासावर टायरच हवेत असं काही नाही, मातीनं भरलेली पोती तेवढंच काम करतात. टायर ठेवायचेच तर त्यांना खालून भोकं पाडा. गुऱ्हाळवाल्यांनी तर आजच फेरी मारावी. हंगाम बंद असल्यानं काहील (गुळाची मोठी कढई), रसाची टाकी, रिकामे डबे पावसाचं पाणी धरून बसलेत. काहील पालथी घाला. ठिबकच्या टाकीला झाकण नसेल तर कापड ताणून बांधा. जनावरांचा हौदही घासायचा, तो विसरतोच आपण.

बाकीच्या डासांची आवड वेगळी. क्युलेक्सला घाण पाणी लागतं: शेणमुताचा खड्डा, तुंबलेली मोरी, शौचालयाची टाकी. तिथं तो अंड्यांचा तराफाच पाण्यावर सोडतो. टाकीच्या हवेच्या पाइपला जाळी बांधली की बराच बंदोबस्त होतो. मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस स्वच्छ पाण्यात, पाटाच्या कडेला, जनावरांच्या खुरांच्या खड्ड्यांतही अंडी घालतो. विहीर आणि शेततळ्यात गप्पी मासे सोडा.

राधानगरी, आजरा भागातल्या भातवाल्यांना एक सांगायचंय. क्युलेक्सच्या काही जाती घाण पाण्याऐवजी भाताच्या खाचरात वाढतात; त्यांच्या अंड्यांना एडिससारखा कोरडेपणा सोसत नाही. त्यामुळं पावसानं साथ दिली आणि पीक फुलोऱ्यात नसेल, तर मधूनच खाचर तीन-चार दिवस निथळू द्या. युरियाचा मोठा हप्ता एकदम टाकला तर खाचरात अळ्यांची चंगळ होते, म्हणून तो तोडून द्या. गगनबावड्याकडं या दिवसांत निथळणं कुठलं जमायला. तिथं निदान बांधाकडेचं गवत काढा.

पिंपात पिकावरचं कीटकनाशक मात्र कुणी ओतू नका. तेच पाणी म्हशीच्या पोटात जातं. आणि टायरातलं पाणी मोरीत नको, उन्हातल्या कोरड्या मातीवर ओता. मोरीत त्या अळ्या जगूही शकतात.