कमोडोर ६४ साठी वर्गणीतून कार्ट्रिज: पैसे घेण्याआधीची तयारी

१९८२ साली बाजारात आलेला कमोडोर ६४ हा घरगुती संगणक हौसेने चालवणारे लोक आजही आहेत. त्यांच्यासाठी वर्गणी काढून नवे कार्ट्रिज (संगणकाच्या खाचेत घालायची प्रोग्रॅमची डबी) तयार करायचे असेल, तर ते नेमके काय करणार आणि काय करणार नाही हे आधी लिहून काढावे. येथे ५१२ केबीची एक फ्लॅश चिप, तिचे ८ केबीचे ६४ भाग आणि भाग निवडण्यासाठी डीई०० या (हेक्साडेसिमल) पत्त्यावर एक रजिस्टर, म्हणजे निवडलेल्या भागाचा क्रमांक धरणारी छोटी जागा, एवढेच धरले आहे. वर्गणीदार वाढले की 'जमलं तर नेटवर्कही घाला' असा आग्रह होतोच, आणि तेव्हा दाखवायला हा कागद लागतो.

त्यानंतर पीसीबीच्या, म्हणजे चिपा बसवायच्या सर्किटच्या पाटीच्या, खाचेत जाणाऱ्या कडेकडे वळावे. कडेवर दोन्ही बाजूंना २.५४ मिमी अंतराने २२-२२ संपर्कपट्ट्या येतात, पीसीबीची जाडी १.६ मिमी लागते, कडेला उतार द्यावा लागतो आणि वारंवार काढघाल होणार असल्याने पट्ट्यांवर कठीण सोन्याचा मुलामा मागावा. वरच्या ओळीत २ आणि ३ क्रमांकावर पाच व्होल्ट असतात. त्यांच्या बरोबर खाली बी आणि सी, म्हणजे रॉम-एच (रॉम निवडणारा सिग्नल) आणि रीसेट; बाजू उलटी झाली तर पाच व्होल्ट भलत्याच जागी जातात. माझ्या पहिल्या आराखड्यात वरची बाजू खाली गेली होती, आणि ते लक्षात आले ते केवळ नकाशा मूळ आकारात छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून खाचेत घालून पाहिला म्हणून. तेव्हापासून पुठ्ठ्याशिवाय मी ऑर्डर देत नाही.

वेगाची काळजी फारशी करू नये. पाल या टीव्ही पद्धतीसाठी बनलेल्या यंत्राचे घड्याळ सेकंदाला ९,८५,२४८ ठोके देते, म्हणजे एका चक्राला सुमारे १,०१५ नॅनोसेकंद मिळतात. त्यातला अर्धा वेळ चित्र काढणाऱ्या व्हिक-टू चिपचा धरला तरी ७० नॅनोसेकंदांत वाचता येणारी फ्लॅश सहज पुरते. मात्र रजिस्टरचा पत्ता आल्याचे सांगणाऱ्या आय-ओ-१ या एकट्या सिग्नलवर विसंबून रजिस्टरमध्ये लिहू नये, वाचन-लेखनाचा सिग्नल आणि फाय-२ हे प्रोसेसरचे घड्याळ यांचीही जोड द्यावी. शिवाय रीसेट होताच ते रजिस्टर शून्यावर आलेच पाहिजे. यंत्र सुरू होताना ८००४ या पत्त्यापासूनच्या पाच बाइटांत सी३, सी२, सीडी, ३८, ३० ही खूण शोधते; खूण पहिल्या भागात आणि रजिस्टर सदतिसाव्यावर अडकलेले, असे झाले तर वापरणाऱ्यासमोर नेहमीचा निळा पडदा येतो आणि कार्ट्रिज बिघडल्याची तक्रार तुमच्याकडे येते.

नमुना जुन्या आणि नंतरच्या, पाल आणि एनटीएससी (दुसरी टीव्ही पद्धत) अशा निरनिराळ्या यंत्रांवर तासन्‌तास चालवून पाहावा. मूळ पॉवर सप्लाय जुना झाला की त्याचा पाच व्होल्टचा भाग बिघडून व्होल्टेज वर जाते आणि रॅम चिपा जळतात. हा दोष कार्ट्रिजचा नसला तरी आळ त्याच्यावरच येणार, म्हणून सूचनापत्रात तसे ठळक छापावे.

सुटे भाग निवडताना ते अजून कारखान्यात बनतात की केवळ जुन्या साठ्यातून मिळतात, हे पाहावे. पाच व्होल्ट सहन करणारी, प्रोग्रॅम करता येणाऱ्या लॉजिक चिपांची एक्ससी९५००एक्सएल मालिका २०२४ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि तिच्यावर आधारलेल्या अनेक आराखड्यांना पर्याय शोधणे भाग पडले.

हे सगळे झाल्यावरच वर्गणीला हात घालावा. किती नगांची नोंदणी झाली तर काम सुरू होईल, ती न झाल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील आणि आराखड्याच्या फायली खुल्या राहतील का, हे आधीच सांगावे. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या स्वस्त पार्सलांवरही व्हॅट लागतो, त्यामुळे तिथल्या वर्गणीदाराला कार्ट्रिजची किंमत, टपाल आणि कर हे तीन आकडे वेगवेगळे कळवावेत. वाटेत फुटणाऱ्या आणि तपासणीत नापास होणाऱ्या नगांसाठी शेकडा पाच जादा बनवून घ्यावेत, आणि शेवटी त्यातले उरले तर त्यांचे काय करायचे हेही त्याच पहिल्या कागदावर लिहून ठेवावे.