दोन-तीन मालकांची एलएलसी: अमेरिकेत करासाठी कोणता वर्ग निवडावा?

दोघांनी मिळून एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढली आणि पुढे काहीच कळवलं नाही, तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं, तिला भागीदारी धरतं. मग १५ मार्चपर्यंत फॉर्म १०६५ भरायचा आणि प्रत्येक भागीदाराला के-१ (त्याच्या वाट्याचा नफा दाखवणारा तक्ता) द्यायचा. कर ज्याने-त्याने आपल्या रिटर्नमध्ये भरायचा, पैसे खात्यातून काढले नसले तरीही. राबणाऱ्या भागीदाराला आयकराशिवाय १५.३ टक्के स्वयंरोजगार करही लागतो.

तो वाचवायला लोक एस कॉर्पोरेशनकडे वळतात. या वर्गातही नफ्यावरचा आयकर मालकच भरतात, पण स्वयंरोजगार करासारखा कर फक्त त्यांनी घेतलेल्या पगारावर लागतो, उरलेल्या नफ्यावर नाही. हिशेब मांडण्याआधी मालक कोण आहेत ते बघा. प्रत्येक जण अमेरिकी नागरिक किंवा करापुरता तिथला निवासी हवा. एच-१बी व्हिसावर राहून अमेरिकेतल्या मुक्कामाच्या दिवसांची अट पूर्ण करणारा चालतो. पुण्यात राहणारा, भारतीय नागरिक असलेला भाऊ एक टक्क्याचा मालक असला तरी चालत नाही. त्याला मध्येच हिस्सा दिलात, तर एस दर्जा त्याच दिवशी जातो आणि एरवी पाच वर्षं परत मिळत नाही.

आता आकडे. नफा १,२०,००० डॉलर, दोघे समान मालक. भागीदारीत प्रत्येकाला सुमारे ८,४८० डॉलर स्वयंरोजगार कर. एसमध्ये प्रत्येकी ४०,००० पगार घेतला, तर पगारावरचा तोच कर कंपनीचा भाग धरून ६,१२०. म्हणजे दोघांचे मिळून साधारण ४,७०० वाचले. त्यातून पेरोलचा, म्हणजे पगाराचा हिशेब ठेवण्याचा, खर्च वजा करा. शिवाय व्यवसाय-उत्पन्नावरची २० टक्के वजावट पगाराला मिळत नाही. पगार कामाच्या मानाने फारच कमी दाखवला, तर आयआरएस उचललेल्या नफ्यालाही पगार ठरवू शकतं. नफा याहून बराच कमी असेल, तर या खटाटोपात पडू नका.

एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, म्हणून मालकी ७०-३० पण नफा निम्मा-निम्मा ठरला असेल, तर भागीदारीच ठेवा; एसमध्ये वाटप मालकीच्या प्रमाणातच लागतं. जागा-जमीन तर एसमध्ये घालूच नका. बाहेर काढताना बाजारभावाने विकल्यासारखा कर बसतो.

तिसरा वर्ग सी कॉर्पोरेशन, म्हणजे मालकांपासून वेगळा कर भरणारी कंपनी. तिला नफ्यावर २१ टक्के कर आणि मालकांना लाभांशावर पुन्हा कर. नफा धंद्यातच ठेवायचा असेल तरच विचार करा. त्यासाठी फॉर्म ८८३२. वर्ग एकदा बदलला की साधारणपणे ६० महिने पुन्हा बदलता येत नाही.

एससाठी फॉर्म २५५३ पुरतो, करवर्ष सुरू झाल्यापासून दोन महिने पंधरा दिवसांत. सगळ्या मालकांच्या सह्या हव्यात. कॅलिफोर्निया, टेक्साससारख्या, पती-पत्नीची मिळकत सामाईक धरणाऱ्या राज्यांत पती किंवा पत्नीचीही लागते, आणि नेमकी तीच राहून जाते. मुदत हुकली, तर योग्य कारण लिहून तीन वर्षं ७५ दिवसांपर्यंत सवलत मागता येते. मंजुरीचं सीपी २६१ पत्र जपून ठेवा.