जुनी स्पोर्ट्स कार: पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात गेला की जुन्या गाड्या कुरकुरायला लागतात. माझी दोन सीटची, फायबर बॉडीची. गेल्या उन्हाळ्यात एकाच आठवड्यात तिच्या तीन तक्रारी: हेडलाइट मंद, सिग्नलला उभी राहिली की बंद, आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं. मी तिन्हीसाठी वेगवेगळे पार्ट आणायला निघालो होतो. ही पहिली चूक.

लाइट मंद दिसला की आपण बॅटरीवर खापर फोडतो. आधी मोजा. गाडी रात्रभर उभी असेल तर चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. दोन्ही आकडे ठीक असतील तर अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीला परत नेणारी जोडणी, बघा. लोखंडी बॉडीत करंट बॉडीतूनच बॅटरीला परत जातो. फायबरमधून तो जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची काळी वायर वेगळी चेसिसला (खालच्या धातूच्या सांगाड्याला) न्यावी लागते. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थिंग खराब. माझ्याकडे बोल्टखाली हिरवट बुरशीसारखा थर होता. पॉलिश पेपरने घासला, लाइट लख्ख.

बंद पडते म्हणून स्क्रू पिळून रेस वाढवायची, ही आपल्याकडची आवडती युक्ती. "भो, आता नाही पडणार बंद!" पडत नाही खरी, पण फटीतून इंजिनात जादा हवा शिरून ती बंद पडत असेल तर ते तसंच राहतं. इंजेक्शनच्या गाडीत तो स्क्रू शक्यतो हलवूच नका. आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिनाच्या रबरी नळ्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा (वायरिंग सोडून). आवाज बदलला तर तिथेच गळती. कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) तापल्या इंजिनवर मारू नका, भडका उडतो.

आता ब्रेक. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबूनच ठेवा आणि सेल्फ मारा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) ठीक. माझं जागचं हललं नाही. बूस्टरची नळी वाकणीवर तडकलेली होती. तीच हवा इंजिनात शिरून आयडलिंग बिघडवत होती. दोन तक्रारी, एक नळी.

पेडल स्पंजासारखं लागत असेल तर मात्र बूस्टर नव्हे, ब्रेक ऑईल किंवा लाइनमधली हवा. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरली की ही मर्यादा १५५ वर येते. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. दोन वर्षांनी बदला, उघड्या डब्यातलं ओतू नका, सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका.

बूस्टरच्या नळीतली एकमार्गी झडप बाणाची दिशा बघूनच बसवा. उलटी बसली तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळतच नाही. मी उलटी बसवली होती आणि आणखी एक दिवस घालवला.